पात्र, डाव आणि लिंबूटिंबू : खेळाच्या परिभाषेतील नीतीचा प्रश्न

१

राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त साहित्याच्या उत्पत्तीची जी कथा येते, तिचा शेवट आजच्या वाशीम गावी होतो. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून निघून जातो. त्याला बांधून ठेवण्यासाठी गौरी साहित्यविद्यावधूची निर्मिती करते, आणि ही वधू त्याच्या मागोमाग पूर्वेकडे, पांचालात, अवंतीत आणि अखेर दक्षिणेकडे जाते. प्रत्येक प्रदेशात ती निराळा वेष घेते, निराळे नृत्य करते, निराळ्या तऱ्हेने बोलते. वेषाची प्रवृत्ती होते, विलासाची वृत्ती होते, बोलण्याची रीती होते. पूर्वेकडे काव्यपुरुष तिला फारसा भुलत नाही; विदर्भात मात्र तो पुरता वश होतो आणि वत्सगुल्म नगरात त्यांचा गांधर्वविवाह लागतो. वत्सगुल्म म्हणजे वाशीम. राजशेखर या नगराला मदनाचा क्रीडावास म्हणतो.

या कथेतील दोन गोष्टी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, रीती ही संकल्पना येथे भूमिका घेण्याच्या कृतीतून जन्मते. साहित्यविद्या ज्या प्रदेशात जाते तेथील सोंग घेते, आणि सोंगाबरोबर तिची वाणी बदलते. दुसरी अशी की, या सोंगाची परिणती खऱ्या बांधिलकीत होते. सोंग वश करण्यासाठी घेतलेले होते; विवाह मात्र खराच झाला. क्रीडेत उच्चारलेला शब्द क्रीडेबाहेर बंधनकारक ठरला. भूमिकेत शिरून बोललेल्या शब्दाची जबाबदारी कोणाची, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न या कथेत बीजरूपाने आहे. तो आज एका अनपेक्षित ठिकाणी, टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांच्या बोलीत, अत्यंत स्पष्टपणे विचारला जात आहे. त्या बोलीशेजारी मराठी मुलांच्या खेळातील शब्द ठेवून पाहिले, तर या प्रश्नाची एक बाजू अधिक उजळते आणि समीक्षेलाही काही विचारावे लागते.

२

भूमिकाखेळ या प्रकाराची सुरुवात १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाने झाली. युद्धपटावर सैन्ये हलविण्याच्या खेळातून तो निघाला. सैन्याऐवजी प्रत्येक खेळाडूने एकच व्यक्ती हाती घ्यावी आणि तिच्या वतीने बोलावे, हा त्यातील निर्णायक बदल. खेळाचा सूत्रधार प्रसंग सांगतो: अंधारी गुहा आहे, दार बंद आहे, आत कोणीतरी कण्हते आहे. खेळाडू म्हणतो, 'मी दार फोडतो.' वीस बाजूंचा फासा टाकला जातो, आणि दार फुटले की नाही ते ठरते. पट नसला तरी चालतो, सोंगट्या नसल्या तरी चालतात. शब्द आणि फासा यांवाचून मात्र चालत नाही. आज पुण्या-मुंबईतच काय, जेथे चार तरुण आणि एक नियमपुस्तिका एकत्र येऊ शकतात तेथे हा खेळ पोहोचू शकतो.

पन्नास वर्षांत या खेळाडूंची एक वर्गबोली घडली आहे. तिचे दोन थर दिसतात. पहिला थर उपकरणांचा: जीविताची मोजदाद करणारे 'हिट पॉइंट', संकटातून निसटण्याचे 'सेव्हिंग थ्रो', सूत्रधाराने चालविलेली गौण पात्रे म्हणजे 'एनपीसी'. कोणत्याही धंद्यात अशी परिभाषा असते आणि तिच्याविषयी फार बोलण्यासारखे काही नाही. दुसरा थर अधिक विचार करायला लावणारा आहे. 'रूल्स लॉयर' म्हणजे नियमाच्या अक्षरावर बोट ठेवून खेळाचा आत्मा मारणारा. 'मेटागेमिंग' म्हणजे पात्राला जे ठाऊक असणे शक्य नाही ते खेळाडूला ठाऊक असल्याचा फायदा उठविणे. 'रेलरोडिंग' म्हणजे सूत्रधाराने खेळाडूंना निवडीचा आभास देऊन आपण आखलेल्या रुळावरूनच गाडी नेणे. 'मर्डर होबो' म्हणजे गावोगाव भटकत दिसेल त्याला मारून लुटणारी, ना घर ना नाते असलेली पात्रे रंगविणारा. 'मंचकिन' म्हणजे गोष्टीशी देणेघेणे न ठेवता केवळ आपल्या पात्राचे बळ वाढवीत बसणारा. हा शब्द फ्रँक बॉम यांच्या १९०० सालच्या 'विझर्ड ऑफ ऑझ' या बालकादंबरीतील ठेंगण्या लोकांच्या नावावरून आला आणि आरंभी तो वयाने लहान, पोरकट खेळाडूंना उद्देशून वापरला जाई.

या यादीकडे पाहिले असता एक गोष्ट नजरेत भरते. हा थर जवळजवळ संपूर्णपणे दोषांच्या नावांचा आहे. चांगल्या खेळाडूला या बोलीत वेगळे नाव क्वचितच सापडते. वाईट खेळाडूला मात्र डझनभर नावे आहेत. वर्गबोलीचे प्रयोजन बाहेरच्याला दूर ठेवणे हे असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि पुष्कळ वर्गबोलींच्या बाबतीत ती खरी आहे. दलाल-व्यापाऱ्यांची नंदभाषा गिऱ्हाइकाला भाव कळू नये म्हणून होती. गुरांच्या बाजारात उपरण्याखाली हात घालून बोटांनी ठरणारा सौदा शेजारच्याला दिसू नये म्हणून होता. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बांधले ते परक्या नजरेपासून ते राखण्यासाठी. भूमिकाखेळाच्या बोलीत असे लपविण्यासारखे काही नाही. ती आत बसलेल्यांनी एकमेकांना धारेवर धरण्यासाठी निर्माण केलेली बोली आहे. न्यायाधीश नाही, पंच नाही, जिंकणे-हरणेही नाही; अशा ठिकाणी अन्यायाला आवर घालण्याचे एकमेव साधन म्हणजे त्याला नाव देणे. या अर्थाने ही परिभाषा एक छोटे, अलिखित नीतिशास्त्र आहे.

३

मराठी मुलांच्या खेळातील शब्द या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. विटीदांडूची मोजणी वकट, लेंड, मूंड, नाल अशी सुरू होते. पुढची नावे गावोगाव बदलतात. तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु या संख्यावाचकांशी त्यांचे नाते उघड आहे. विटी उडविणाऱ्या मुलाला आपण तेलुगूत मोजत आहोत याची जाणीव नसते, आणि तशी गरजही नसते. खेळात शिरलेला शब्द आपल्या मूळ भाषेशी असलेले नाते सोडतो आणि खेळाच्या रिंगणात नवे नाते जोडतो. वाशीम येथे १९३९ साली सापडलेल्या द्वितीय विंध्यशक्तीच्या ताम्रपटात वंशावळ संस्कृतात आणि दानाचा व्यवहारी भाग प्राकृतात आहे. एकाच शासनात दोन भाषांना दोन कामे वाटून दिलेली आहेत. खेळातही असेच घडते. मोजणीची भाषा निराळी, भांडणाची निराळी. आणि नीती मुख्यतः भांडणाच्या भाषेत राहते.

'रडी' हा त्यातील मुख्य शब्द. हरण्याची वेळ आली की नियम बदलू पाहणारा, बाद झाल्यावर बाद नाही म्हणणारा रडी खातो, आणि त्याने जिंकलेला डाव रडीचा डाव ठरतो. या शब्दाची अर्थव्याप्ती लक्षणीय आहे. फसवणूक आणि रडणे यांना तो एकत्र बांधतो. हार सोसण्याची असमर्थता हेच फसवणुकीचे मूळ, असे एक मानसशास्त्र त्यात दडलेले आहे. 'रूल्स लॉयर' या शब्दात ते नाही. तो शब्द दोषाचे साधन सांगतो, 'रडी' हा दोषाचे कारण सांगतो.

दुसरा शब्द 'राज्य'. पकडापकडीत ज्याने इतरांमागे धावायचे त्याच्यावर राज्य येते. काही भागांत याच अर्थी डाव देणे म्हणतात. प्रौढांच्या भाषेत राज्य मिळते, येथे राज्य येते, आणि येते ते शिक्षेसारखे. ज्याच्यावर राज्य आहे तो एकटा असतो, बाकीचे सगळे त्याच्यापासून पळतात, आणि ते दुसऱ्याच्या अंगावर टाकण्यासाठी त्याची धडपड चाललेली असते. सत्तेविषयीचे हे भाष्य कोणा विचारवंताने केलेले नाही. ते भाषेने केलेले आहे. 'टाइम प्लीज' हा तिसरा शब्द इंग्रजी शाळांतून आला असला तरी आता पुरता मराठी झाला आहे. तो उच्चारणाऱ्याला काही क्षण कोणी बाद करू शकत नाही. चप्पल तुटली, काटा रुतला, आईने हाक मारली, तर खेळाच्या जगातून खऱ्या जगात जाण्याचा परवाना म्हणजे हा शब्द. भूमिकाखेळांत अलीकडे 'एक्स-कार्ड' नावाची रीत आली आहे. प्रसंग असह्य झाला तर टेबलावरच्या या पत्त्याला कोणीही स्पर्श करावा. तो प्रसंग तेथेच गाळला जातो आणि कारण विचारले जात नाही. प्रौढांना जी सोय मुद्दाम योजावी लागली, ती मुलांच्या अंगणात आधीपासून होती.

चौथा शब्द 'लिंबूटिंबू'. त्याचा विचार शेवटी करावा लागेल, कारण या सर्व शब्दांत नैतिकदृष्ट्या तो सर्वांत गुंतागुंतीचा आहे.

४

खेळातील शब्दाच्या जबाबदारीविषयी आधुनिक तत्त्वज्ञानात एक प्रसिद्ध वाद आहे. जे. एल. ऑस्टिन यांनी १९६२ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत असे दाखविले की, काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, ती कृती करतात. 'मी वचन देतो' असे म्हणणे म्हणजेच वचन देणे. मात्र रंगमंचावर, कवितेत किंवा थट्टेत उच्चारलेले असे वाक्य पोकळ असते, ते साध्या वापरावर बांडगुळासारखे जगते, असे म्हणून त्यांनी ते विचारातून वगळले. देरिदा यांनी १९७१ सालच्या आपल्या निबंधात या वगळण्यावरच बोट ठेवले: जे वाक्य पुन्हा उद्धृत करता येत नाही, सोंगात म्हणता येत नाही, ते वाक्य म्हणून चालणारच नाही, तेव्हा जे अपवाद म्हणून बाहेर काढले तेच भाषेच्या शक्यतेचे मूळ आहे. सर्ल यांनी १९७७ साली त्याला उत्तर दिले आणि वाद पुढे चालू राहिला.

भूमिकाखेळ या वादाला एक चमत्कारिक उदाहरण पुरवितो. रंगमंचावर 'मी तुला ठार मारतो' असे म्हणणारा नट कोणाला मारीत नाही. संहितेने जे आधीच ठरविले आहे ते तो उच्चारतो. भूमिकाखेळात संहिता नाही. खेळाडूने 'मी वार करतो' म्हटले की त्या जगात वार झाला. म्हणणे आणि करणे यांत फासा पडण्याइतकेच अंतर असते. म्हणजे ऑस्टिन यांनी ज्याला पोकळ ठरविले त्या ठिकाणी शब्दाचे कर्तृत्व उलट सर्वाधिक भरीव झालेले दिसते. शिवाय तो वार कोणी केला? गॅरी ॲलन फाइन या समाजशास्त्रज्ञांनी १९८३ सालच्या आपल्या अभ्यासात गॉफमन यांच्या चौकटींच्या सिद्धांताचा आधार घेऊन असे दाखविले की, टेबलाशी बसलेला मनुष्य एकाच वेळी तीन चौकटींत असतो: घरी परत जाणारी व्यक्ती, नियम जाणणारा खेळाडू आणि गुहेत उभे असलेले पात्र. 'मी' हे सर्वनाम या तिघांसाठी एकच आहे.

याच एका सर्वनामाच्या आडून या खेळातली सर्वांत कुप्रसिद्ध सबब निघते. एखादा खेळाडू सोबत्यांचा विश्वासघात करतो, शरण आलेल्याचा छळ करतो, टेबलावरच्या एखाद्या मुलीला नकोसा वाटणारा प्रसंग लांबवीत राहतो, आणि जाब विचारला असता म्हणतो: 'माझे पात्र असेच वागेल.' अनुभवी खेळाडूंनी या सबबीलाही एक टवाळ नाव दिले आहे. तिच्यात तथ्य मुळीच नाही असे मात्र नाही. क्रूर मनुष्य रंगविणारा लेखक क्रूर ठरत नाही, हे साहित्यविचाराने पुन्हा पुन्हा सांगितले आहे आणि लेखकावर खटले भरणाऱ्यांविरुद्ध ते सांगणे आवश्यकही होते. मग तोच न्याय येथे का लागू पडू नये?

याचे उत्तर 'पात्र' या शब्दातच आहे. अभिनवगुप्ताने नटाला पात्र का म्हणावे याचा जो उलगडा केला आहे तो असा: भांड्याला मद्याची चव कळत नाही, ते चव घेण्याचे साधन असते, तसा नट रसास्वादाचे साधन असतो, आस्वाद घेणारा सहृदय निराळा. पात्र आणि प्राशन करणारा यांच्यातील हे अंतर हीच नाट्याची नैतिक सोय आहे. कवी रचतो, नट वाहतो, सामाजिक आस्वादतो. तिघांची कामे वाटलेली आहेत, आणि म्हणूनच दुर्योधनाचे काम करणाऱ्या नटाला कोणी दुर्योधन मानीत नाही. भूमिकाखेळात ही वाटणी मोडते. तेथे प्रेक्षागृह नाही. पात्राचे पुढचे पाऊल ठरविणारा कवी तोच, ते उच्चारणारा नट तोच, आणि त्यातून सुख घेणारा सामाजिकही तोच. भांडे आणि पिणारा एकच असेल तर 'भांड्याने प्यायले' ही सबब टिकत नाही. 'माझे पात्र असेच वागेल' या वाक्यातील 'माझे' हा शब्द त्यातील 'पात्र' या शब्दाने दिलेली सुटका परत घेतो. पात्र असे वागणारे कोणी घडविले, आणि इतर चौघांच्या संध्याकाळीत ते कोणी आणून बसविले, याचे उत्तर त्या व्यक्तीलाच द्यावे लागते.

येथे एक आक्षेप संभवतो. हा न्याय सर्वत्र लावला तर खेळात दुष्ट पात्र घेणेच अशक्य होईल आणि खेळ सदाचाराच्या शिकवणीइतका नीरस होईल. पण वरील युक्तिवादातून ते निष्पन्न होत नाही. दोष पात्राच्या दुष्टपणात नाही. सोबत्यांच्या संमतीने रंगविलेला दुष्ट खेळ समृद्ध करतो; संमती नसताना पात्राचे नाव पुढे करून केलेला आघात हा खेळाच्या आतला आघात राहत नाही, तो शेजारी बसलेल्या माणसावर झालेला असतो. ग्रेगरी बेटसन यांनी १९५५ साली प्राण्यांच्या खेळाविषयी लिहिताना म्हटले होते की, खेळातला चावा हा चाव्याची खूण असतो, पण चाव्याने जे सांगितले जाते ते तो सांगत नाही. ही खूण दोघांनाही वाचता आली तरच तो खेळ. एकालाच वाचता येत असेल तर दुसऱ्याला केवळ दात लागतात.

५

भारतीय परंपरेला हा प्रश्न नवा नाही, कारण तिच्या केंद्रस्थानी एक खेळ आहे. फाशाच्या दानांची नावे कृत, त्रेता, द्वापर आणि कलि अशी होती. तीच पुढे चार युगांना मिळाली. जुगाऱ्यांची परिभाषा काळाच्या तत्त्वज्ञानात गेल्याचे हे उदाहरण जगात बहुधा अद्वितीय असेल. विदर्भकन्या दमयंतीच्या कथेत हाच कलि नलाच्या अंगात शिरतो आणि त्याला द्यूतात राज्य हरवायला लावतो. अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, ऋतुपर्णाकडून मिळाल्यावरच नलाची सुटका होते. खेळाची गुप्त भाषा न जाणणाऱ्याचा नाश आणि ती जाणल्यावर उद्धार, असा त्या कथेचा साचा आहे.

सभापर्वात मात्र प्रश्न याहून खोल जातो. शकुनी दर दानानंतर 'जितम्' म्हणतो, आणि त्या एका शब्दाने रत्ने, रथ, दासी, राज्य, भाऊ एकामागून एक हस्तांतरित होतात. ऑस्टिन यांना अभिप्रेत असलेल्या कृतिवाक्याचे याहून भयंकर उदाहरण सापडणे कठीण. द्रौपदीला सभेत बोलावले जाते तेव्हा ती प्रातिकामीला एक प्रश्न घेऊन परत पाठविते: राजाने आधी स्वतःला हरविले की मला? वरवर पाहता हा नियमाचा प्रश्न आहे. स्वतःवरचा अधिकार गमावलेला मनुष्य दुसऱ्याला पणाला लावू शकतो काय, एवढेच ती विचारते. भूमिकाखेळाच्या बोलीत तिला 'रूल्स लॉयर' म्हणण्याचा मोह कोणाला झाला, तर त्या बोलीची मर्यादा तेथे उघडी पडेल. नियमावर बोट ठेवणे आणि नियमाच्या आधाराने रडी खाणे या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात. फरक असा की, रडी खाणारा खेळात राहून अधिक मिळविण्यासाठी नियम काढतो. द्रौपदी ज्या खेळात तिला कोणी घेतलेच नव्हते त्याच्या नियमांना, त्यांच्याच भाषेत, त्यांची सीमा विचारते. ती खेळाडू नव्हती, पण होती. धर्माची गती सूक्ष्म आहे असे म्हणून भीष्म थांबतो, युधिष्ठिर गप्प राहतो, आणि विकर्णाने दिलेले उत्तर सभा ऐकत नाही.

सभेच्या मौनाचे कारण भाषेत शोधता येते. त्या सभेतल्या प्रत्येकाने 'जितम्' या शब्दाचे सामर्थ्य मान्य केले होते. खेळ चालू असताना ती मान्यता स्वाभाविक होती; खेळाने माणूस गिळल्यावरही ती मागे घेता येईना. त्या सभेत 'टाइम प्लीज' म्हणण्याची सोय नव्हती. हाइझिंगा यांनी १९३८ साली खेळाला स्वतःचे रिंगण, स्वतःचा काळ असतो असे सांगितले तेव्हा ते खेळाच्या स्वायत्ततेचा गौरव करीत होते. सभापर्व त्या रिंगणाला दार असले पाहिजे असे सांगते. ज्या खेळातून शब्द उच्चारून बाहेर पडता येत नाही, त्याला खेळ म्हणणे हीच पहिली फसवणूक होय.

६

आता 'लिंबूटिंबू'. घरातल्या लहानग्याला मोठ्या मुलांच्या खेळात यायचे असते. त्याला घेतले तर तो लगेच बाद होईल, न घेतले तर रडेल. तेव्हा त्याला लिंबूटिंबू म्हणून घ्यायचे. कच्चा लिंबू असेही काही जण म्हणतात. तो सगळ्यांबरोबर धावतो, ओरडतो, लपतो. पण तो पकडला गेला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. नियमाने केलेली ही दया आहे. इंग्रजी भूमिकाखेळाच्या बोलीशी तुलना केली तर विरोध ठळक दिसतो. 'मंचकिन' आणि 'लिंबूटिंबू' हे दोन्ही शब्द लहानपणावरून आले आहेत. एकाने लहानाला दोष दिला, दुसऱ्याने त्याला आसरा दिला.

पण या आसऱ्याला एक किंमत आहे. लिंबूटिंबूवर राज्य येत नाही, तसे त्याने कोणाला पकडले तर तेही धरले जात नाही. त्याचा अपराध मोजत नाहीत, म्हणून त्याचा पराक्रमही मोजत नाहीत. जबाबदारीतून मिळालेली सूट आणि गणतीतून झालेली हकालपट्टी या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. त्या मुलाला हे फार लवकर कळते. 'मला लिंबूटिंबू नको, माझ्यावर राज्य येऊ दे' असे जेव्हा ते रडत म्हणते, तेव्हा ते शिक्षा मागते, कारण शिक्षेवाचून सदस्यत्व नाही हे त्याला उमगलेले असते. जबाबदारी हे ओझे आहे, पण ते ज्याला नाकारले जाते तो मुक्त नसतो, वगळलेला असतो. खेळाच्या बोलीत दडलेले हे नैतिक सत्य कोणत्याही ग्रंथापेक्षा अधिक स्पष्ट आहे.

खेळातून बाहेर पडल्यावर हा शब्द दयाही गमावतो. मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडापानांवर दुबळ्या क्रिकेटसंघांना सर्रास लिंबूटिंबू म्हटले जाते. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर विश्वचषकाच्या सामन्यात केनियाने वेस्ट इंडीजचा डाव ९३ धावांत संपविला, तेव्हा या शब्दाला मैदानावरच उत्तर मिळाले होते. तरी शब्द टिकून राहिला. 'एनपीसी'चेही हेच झाले. खेळात सूत्रधाराने चालविलेले गौण पात्र एवढाच ज्याचा अर्थ होता, तो शब्द अलीकडे जिवंत माणसांना लावला जातो: स्वतःचा विचार नसलेला, गर्दीतला, ज्याच्या बाबतीत काही केले तरी चालते असा. खेळात गौण पात्राला मारणे ही खेळी असते. माणसाला तेच नाव देणे ही त्याला खेळाडूंच्या यादीतून काढण्याची पूर्वतयारी असते. शब्दाने ओलांडलेली ही सीमा कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण तो उच्चारताना ओठांवर खेळातले हसू अजून असते.

साहित्याच्या समीक्षेलाही आपल्या परिभाषेकडे या दृष्टीने पाहावे लागेल. तिच्याजवळ दोषांची नावे विपुल आहेत, हे भूमिकाखेळाच्या बोलीसारखेच. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, तिच्याजवळ लिंबूटिंबूही आहेत. 'प्रादेशिक', 'ग्रामीण', 'नवोदित', 'बोलीभाषेतील' ही विशेषणे पुष्कळदा एखाद्या लेखनाला आत घेण्यासाठी वापरली गेली, आणि त्याच क्षणी त्याला मुख्य गणतीतून बाहेर ठेवण्यासाठीही. अशा पुस्तकाचे कौतुक होते, त्याच्यावर कठोर टीका होत नाही. कठोर टीका होत नाही याचा अर्थ त्याच्यावर राज्य येत नाही. वऱ्हाडी बोलीचा वाटा रंगमंचावर आणि पडद्यावर बराच काळ हसे पिकविण्यापुरताच राहिला. उद्धव शेळके यांनी १९६० साली 'धग'मध्ये त्याच बोलीत शोकात्म जीवन उभे केले, आणि वाशीमच्या ना. चं. कांबळे यांच्या 'राघववेळ'ला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. या कृतींनी कोणाकडे सूट मागितली नव्हती. त्यांनी डाव मागितला होता.

राजशेखराने 'कर्पूरमंजरी'च्या आरंभी काव्यरीतींची नावे घेताना वैदर्भीला 'वच्छोमी' म्हटले आहे. वच्छोमी म्हणजे वत्सगुल्माची, अर्थात वाशीमची. एका काळी या गावाच्या नावाने कवितेच्या सर्वोत्तम चालीची ओळख होत असे, आणि वाशीमच्या वाकाटक शाखेचा राजा सर्वसेन याने प्राकृतात रचलेले 'हरिविजय' काव्य आनंदवर्धनासारख्या मीमांसकाच्या विचाराचा विषय झाले होते. ते काव्य आज उपलब्ध नाही. पण ज्या काळी ते वाचले जात होते त्या काळी त्याला प्रादेशिक म्हणून कोणी आत घेतले नव्हते. ते गुणदोषांसह मोजले गेले होते.

खेळातल्या शब्दाची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला मग दुहेरी उत्तर द्यावे लागते. जो भूमिका घेऊन बोलतो त्याला भूमिकेआड लपता येत नाही, कारण तीतून सुख घेणारा तोच असतो. आणि जो दुसऱ्याला भूमिका देतो, त्याला लिंबूटिंबू म्हणतो, गौण पात्र म्हणतो, त्याच्यावर त्या नावाची जबाबदारी अधिक असते. कारण नाव मिळालेल्याला उत्तर देण्याची पाळी खेळाने ठेवलेली नसते. संध्याकाळी वाशीमच्या एखाद्या गल्लीत राज्य कोणावर यावे यासाठी मुले भांडत असतील. त्यातले सर्वांत लहान मूल आपल्यावरही राज्य यावे म्हणून हटून बसले असेल, तर त्याचे म्हणणे मान्य करावे. तो धापा टाकील, कोणी त्याच्या हाती लागणार नाही, कदाचित पुन्हा रडेलही. पण त्यानंतर त्याने ज्याला पकडले, तो खरोखर बाद झालेला असेल.